मागच्या रांगेपर्यंत

संस्थेत माझ्या पाठीमागे मला 'खोदकाम खातं' म्हणतात, ते मला माहीत आहे. कोण म्हणतं तेही माहीत आहे. सव्वीस वर्षं मी इथली कार्यालयप्रमुख आहे आणि एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद नीट न तपासता पुढे गेलेला नाही, एक अपवाद सोडला तर. आठ वर्षांपूर्वी आमच्या सभागृहासाठी प्रोजेक्टर आला. तेव्हाच्या अध्यक्षांनी दिवे घालवून, खिडक्यांचे पडदे ओढून घेऊन त्यावर डोंगर-नद्यांची चित्रं दाखवली. सगळे खूश. मीही 'तपासून घेतला' असं लिहून सही ठोकली. पुढच्याच महिन्यात भर दुपारी सभा होती. लोकांना टिपणं घ्यायची म्हणून खिडक्या उघड्या होत्या, आणि समोर अहवालाचे आकडे म्हणजे नुसत्या पुसट मुंग्या. ज्यांनी तो प्रोजेक्टर आणला ते निरोप समारंभ करून घेऊन केव्हाच घरी गेले होते. खुलासा कुणाला मागितला? मला.

तेव्हा मी कानाला खडा लावला. आता कुणी एखादी वस्तू फार छान आहे म्हणालं, की वस्तूकडे बघायच्या आधी मी त्या माणसाकडे बघते. याला यात काय मिळणार, हा माझा पहिला प्रश्न.

यंदा वार्षिक सभेत आमचा जुना माइक अध्यक्षांच्या भाषणाच्या मध्येच किंचाळला आणि कायमचा गप्प झाला. कार्यकारिणीने ठरवलं, आता सगळंच नवं घ्यायचं. माइक, स्पीकर, प्रोजेक्टर, पडदा, सगळं. विक्रेते बोलवायचे, प्रत्येकाने सभागृहात आपला संच लावून दाखवायचा, आणि कुठला घ्यायचा याची शिफारस हॅलोकाकांनी करायची. कागदपत्रांची जबाबदारी माझी. म्हणजे चुकलं की मान पुन्हा माझीच.

हॅलोकाका म्हणजे आमचे आवाजवाले. वय बासष्ट. तीस वर्षं व्यासपीठामागच्या अरुंद खोलीत संच सांभाळतायत. लोक माइक तपासताना टकटक करतात, फुंकर मारतात. काका तसं करणाऱ्याचा हात धरतात. स्वतः फक्त एकदाच 'हॅलो' म्हणतात, तेही घरात कुणाला हाक मारावी तितक्या साध्या आवाजात. म्हणून ते हॅलोकाका. खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी. कोपरावर वायर गुंडाळणारा माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरतं, कारण त्याने वायर आतून पिळते आणि नेमकी कार्यक्रमात दगा देते. एकदा एका पाहुण्या वक्त्यालाच त्यांनी त्यावरून झापलं होतं. एरवी बोलणं बेतास बात. हाक मारली तर ओ देतीलच असं नाही. घरी फोन केला तर काकू उचलतात, निरोप घेतात, आणि उत्तरही काकूच देतात. मला वाटायचं, तीस वर्षं एका जागी राहून माणूस माजलाय.

त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. यंदाची नव्या संचाबरोबरच ठरणार होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथेच.

पहिला आला तो एका मोठ्या कंपनीचा विक्रेता. कडक टाय, हातात टॅब्लेट, तोंडात साखर. मला 'मॅडम' म्हणत खुर्ची पुढे केलीन, तेव्हाच मी सावध झाले. त्याने आठ काळे चकचकीत स्पीकर लावले, दिवे मंद केले आणि एक गाणं सोडलं. खुर्च्यांचे हात थरथरले. अध्यक्ष उठून टाळ्या वाजवायला लागले.

"आणि सगळं आपोआप," टायवाला म्हणाला. "आवाज कमी-जास्त संच स्वतःच करतो. माणूस लागतच नाही."

सगळ्यांनी हॅलोकाकांकडे बघितलं. ते संचाजवळ नव्हतेच. बाजूच्या भिंतीला टेकून, व्यासपीठाकडे पाठ करून, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बघायला बसलेल्या नेहमीच्या मंडळींकडे बघत उभे होते. चेहऱ्यावर काही नाही. मग पुढे आले आणि म्हणाले, "गाणं नको. बोलणं ऐकवा. कुणीतरी पेपर वाचा. हळू आवाजात, मध्येच मान वळवून."

टायवाल्याने पेपर वाचला. काका पुन्हा भिंतीशी, पुन्हा नजर मागे. दोन मिनिटांनी आले आणि म्हणाले, "शब्द कळत नाहीत. खिडक्या उघडा, प्रोजेक्टरवर चित्र नको, आपल्या अहवालाचं आकड्यांचं पान लावा." पान लावलं. मागून वाचता येत नाही म्हणाले, आणि निघून गेले.

प्रोजेक्टरचं मला पटलं, ते कसं नाकारू? पण आवाजाचं काही पटेना. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मला सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. ज्या संचाला माणूस लागत नाही, तो संच आवाजवाल्याला आवडत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

आठवड्याने दुसरा संच आला, पेठेतल्या एका छोट्या दुकानाचा. दुकानाची मालकीण स्वतः टेम्पोतून उतरली. स्पीकर म्हणजे माणसाच्या उंचीचे चार हडकुळे खांब, भिंतींना उभे करायचे. व्यासपीठावर मान वाकवता येणारा साधा वायरचा माइक. बिनवायरचा नको, बॅटरी भर सभेत संपते, हे काकांचं म्हणणं. दिसायला सगळं इतकं गरीब की अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, "हे पूर्ण आहे की अजून काही यायचंय?" आणि हा संच चालवायला माणूस लागतो, हे मालकिणीने न विचारता सांगितलं.

काकांनी पुन्हा तेच केलं. भिंत, शेवटची रांग, पेपर. या वेळी मात्र चेहरा उजळला. "हा घ्या," म्हणाले. बस, एवढंच. कारण नाही, तुलना नाही, दोन ओळींचा लेखी अभिप्रायही नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले.

दोन दिवसांनी कार्यालयाच्या खिडकीतून खाली बघितलं, तर काका आणि ती मालकीण समोरच्या फुटपाथवर. ती वहीवर काहीतरी लिहून कागद फाडून त्यांच्या हातात देत होती. ते वाचायचे, मान हलवायचे, दोन शब्द बोलायचे, की ती पुन्हा लिहायची. भर रस्त्यात दोन शहाणी माणसं समोरासमोर उभी राहून चिठ्ठ्या देतात, म्हणजे तोंडाने बोलायची सोय नाही असंच काहीतरी असणार ना? संध्याकाळी मी व्यासपीठामागच्या खोलीतली कचऱ्याची टोपली उपसली. हो, उपसली. चार तुकडे जुळवले. त्यावर लिहिलं होतं, 'ठरल्याप्रमाणे शनिवारी येते. मागच्या रांगेचं बघून घेते. कुणाला कळू देत नाही, निर्धास्त राहा.'

मागच्या रांगेचं बघून घेते. आता मागच्या रांगेत कोण बसतं? दर शनिवारच्या व्याख्यानाला येणारी म्हातारी मंडळी. आणि त्यांच्या अगदी मधोमध, गेली अकरा वर्षं, माझी सख्खी आई.

आईला कमी ऐकू येतं. कानाला यंत्र लावायला ती तयार नाही, तोंडाकडे बघून भागवते. घरी मी तिच्याशी बोलताना आधी समोर जाते, मग बोलते, एवढी सवय झाली आहे. तर त्या शनिवारी मालकीण स्पीकर थोडे तिरके करून बघत होती, मी दाराआड उभी होते, आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं की आईने पर्स मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि भिंतीशी उभ्या काकांनी मान डोलावली. थोड्या वेळाने आईने पर्स परत मांडीवर घेतली. काकांनी मालकिणीला बोटाने खूण केली, तिने स्पीकर हलवला. पर्स पुन्हा खुर्चीवर.

संस्थेतलं कुणी फितूर असेल हे मी धरूनच चालते, पण आई?

घरी गेल्यावर तिच्यासमोर बसले. "काकांचं आणि तुझं काय चाललंय?"

"कुठलं काय?"

"पर्सचं."

तिने भाजीची परडी पुढे ओढली आणि निवडायला लागली. म्हणजे आता ती माझ्या तोंडाकडे बघणार नव्हती, आणि बघितलं नाही तर तिला ऐकू येणार नव्हतं. नको तो विषय बंद करायची ही तिची जुनी युक्ती. मी परडी बाजूला सारली.

"मी त्याला शब्द दिलाय," ती म्हणाली. "तुझं डोकं नको तिकडे फार चालतं, एवढं सांगते."

रात्रभर मी चिडचिड करत राहिले आणि सकाळी तक्रार लिहून काढली. तीन मुद्दे. शिफारस स्वतःची नेमणूक टिकवण्यासाठी केलेली आहे. विक्रेत्या बाईंशी गुप्त चिठ्ठ्या चालतात. श्रोत्यांपैकी काहींना आधीच फितवून ठेवलेलं आहे. आईचं नाव घातलं नाही, तेवढी लाज होती. शेवटी लिहिलं की अशा माणसाची नेमणूक पुढे चालू ठेवू नये.

आमच्या संस्थेची एक जुनी रीत आहे. कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार बंद पाकिटात चालत नाही. करणाऱ्याने ती व्यासपीठावर उभं राहून, माइकवर, त्या माणसाच्या देखत वाचायची. चहाड्या थांबाव्यात म्हणून कुणीतरी घालून दिलेली रीत असणार, आणि खरंच थांबल्या होत्या. माझ्या सगळ्या नोकरीत कुणी अशी तक्रार वाचलेली मी पाहिली नव्हती. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला. "नक्की वाचायची आहे ना? खरं निघालं तर काकांना उद्यापासून घरी बसावं लागेल."

"खरंच आहे," मी म्हणाले.

निवडीच्या सभेला साठेक माणसं होती. दोन्ही संच लावलेले. दुपारचे तीन वाजलेले, खिडक्या उघड्या. माझ्यासमोर टायवाल्याचा माइक होता, कारण तो पहिल्या क्रमांकावर होता. काका भिंतीशी त्यांच्या जागी. मी कागद उघडला आणि मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. माझा आवाज त्या आठ स्पीकरमधून इतका भारदस्त येत होता की मलाच कौतुक वाटलं. 'कर्मचाऱ्याने स्वार्थापोटी' इथपर्यंत आले. पुढच्या दोन रांगा गर्रकन वळून काकांकडे बघायला लागल्या. मागच्या रांगा मात्र एकमेकांना 'काय? काय?' विचारत होत्या.

आणि काका भिंत सोडून चालत व्यासपीठाकडे आले. मला वाटलं, आता भांडतील. मी तयार होते. ते पायऱ्या चढले, माझ्या शेजारी आले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माइकची मान पिळून माझ्या तोंडाजवळ आणली.

मी कागदावरची नजर न काढता दबक्या आवाजात म्हणाले, "काका, बाजूला व्हा. हे तुमच्याच विरुद्ध आहे."

त्यांनी ऐकलंच नाही. न ऐकल्यासारखं केलं असं नव्हे. त्यांचा हात स्क्रूवर होता, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी मान वर केली. तेव्हा त्यांनी चटकन माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. जसं माझी आई बघते.

"मागे पोचत नाहीये, बाई," ते म्हणाले. "सावकाश, परत पहिल्यापासून वाचा."

फोनवर काकू का, हाकेला ओ का नाही, रस्त्यात चिठ्ठ्या का, शेवटच्या रांगेतल्या कमी ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे आणि आईची पर्स कशासाठी, सगळं एका दमात कळलं. पर्स खुर्चीवर म्हणजे शब्द कळतोय, मांडीवर म्हणजे नाही. कुणाला कळू द्यायचं नव्हतं ते एवढंच, की आवाजवाल्याला आता ऐकू येत नाही. आणि मी, जी घरात रोज अशा माणसाशी समोर जाऊन बोलते, तिला इतके दिवस एक माणूस डोळ्यांसमोर दिसत असून हे दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि मी कागदाची घडी घातली.

मागून आई उठली. तिला हळू बोलता येत नाही, कमी ऐकणाऱ्यांना नाहीच येत. "माझी मुलगी काय वाचतेय ते इथं कुणालाही कळलेलं नाही," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या माइकवर वाचायला सांगा तिला."

काकांनी पहिला संच बंद केला, दुसरा चालू केला, साधा माइक माझ्यासमोर ठेवला, एकदा 'हॅलो' म्हणाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. शेवटच्या रांगेकडे तोंड करून. मी आता जे बोलेन ते शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणार होतं.

"मी कार्यालयप्रमुख," मी म्हणाले. आवाज काही भारदस्त वगैरे नव्हता, माझाच होता, थोडा कापरा. "मी आत्ता हॅलोकाकांविरुद्ध तक्रार वाचत होते. ती तक्रार चुकीची आहे. मी ती मागे घेते आणि त्यांची माफी मागते."

मागची रांग सरळ होऊन बसली. आईची पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. काकांनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला. छान पोचतंय.

"पण चिठ्ठ्यांचं काय?" अध्यक्षांनी पुढच्या रांगेतून विचारलं. "तुम्ही स्वतः वाचली म्हणालात."

खरं सांगितलं असतं तर मी सुटले असते आणि काका घरी बसले असते. आवाजवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण ठेवणार? सव्वीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलेलं नाही, आणि चारचौघांत तर मुळीच बोललेले नाही. त्या दिवशी बोलले.

"ती चिठ्ठी काकांची नव्हती," मी म्हणाले. "मी शहानिशा न करता लिहिलं."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी 'खोदकाम' म्हणालं, तेही मला स्पष्ट ऐकू आलं. अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहून घेतलं की तक्रार बिनबुडाची होती आणि कार्यालयप्रमुखांना समज देण्यात आली. माझ्या नावावरची ही पहिली नोंद. त्याच्या खालच्या ओळीत दुसरा संच घ्यायचं ठरलं, त्याच्या खाली काकांची पुढच्या वर्षाची नेमणूक. टायवाल्याने हसतमुखाने आपले स्पीकर आवरले आणि जाताना मला पुन्हा 'मॅडम' म्हणाला.

लोक गेले. काका व्यासपीठावर वायरी गोळा करत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, ओठ नीट दिसतील अशी.

"काका, मी पहिल्यांदा काय वाचत होते, माहीत आहे?"

"माझ्याबद्दल होतं," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"पुढच्या दोन रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. हल्ली माणसांच्या तोंडावरच काम चालतं माझं, बाई. तुम्हाला कळलंय ते आता."

मग जे खरंच विचारायचं होतं तेच विचारलं. "तुमच्याबद्दलच आहे हे कळलं होतं, तर वर येऊन माइक कशाला नीट केलात? मागच्यांना कळत नव्हतं ते तुमच्या पथ्यावरच पडत होतं."

त्यांनी वायरीचा वेढा पूर्ण केला, चिकटपट्टी लावली आणि मला हे सांगावं लागतंय याचंच नवल वाटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्याबद्दल असलं म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "मागची माणसंही सभेलाच आली होती की."